प्रोसिडिंगमधला एकटा विरोध : पुणे म्युनिसिपालिटीतले जोतीराव

सरपंच मंडळी, सदस्य मंडळी आणि ग्रामसभेला मागच्या रांगेत बसून गुपचूप घरी जाणाऱ्या शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्या ग्रामपंचायतीचे प्रोसिडिंग बुक एकदा सवडीने चाळून बघा. रस्त्याचा ठराव असो, गावच्या कमानीचा असो, नाही तर दिवाबत्तीचा असो, खाली शेरा एकच सापडेल : सर्वानुमते मंजूर. आता हे ‘सर्व’ म्हणजे कोण, असे कुणी विचारले तर काय सांगाल? माळावरच्या वस्तीवरची बाई त्यात होती का? दुसऱ्याच्या बांधावर रोजाने राबणारा गडी होता का? की चार जण बसले, पाचव्याने सही केली आणि गावाचे मत झाले?

हा प्रश्न नवा नाही. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी पुण्याच्या म्युनिसिपालिटीत एका माणसाने तो विचारला होता. तो माणूस माळ्याच्या घरचा, स्वतः शेती आणि कंत्राटदारी करणारा. त्यांचे नाव जोतीराव गोविंदराव फुले. मुलींची शाळा काढणारे म्हणून त्यांना आपण सगळे ओळखतो. त्यांचा फोटो पंचायतीच्या भिंतीवर असतो, अकरा एप्रिलला त्याला हार पडतो. पण हेच जोतीराव सहा वर्षे म्युनिसिपालिटीचे सभासद होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आज त्यांची ती बाजू बघू या. कारण पंचायतीत बसणाऱ्याला आणि पंचायतीला पट्टी भरणाऱ्याला, दोघांनाही तिच्यातून काही घेण्याजोगे आहे.

फुलांच्या धंद्यातले घर

जोतीरावांचे मूळ घराणे गोऱ्ह्यांचे, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातील कटगुणचे. तिथून पूर्वज पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आले आणि पुढे पुण्यात स्थिरावले. पेशवाईत या घराने फुले पुरवण्याचे काम केले आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. आई चिमणाबाई लवकर गेल्या. सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बाईंनी त्यांना वाढवले.

पोरगा शाळेत जाऊ लागला, पण शिकून तो शेतीच्या कामातून जाईल, असे गोविंदरावांच्या मनात कुणीतरी भरवले. पोराची शाळा सुटली, हातात खुरपे आले. ही गोष्ट तुमच्या-माझ्या गावात काल-परवापर्यंत घडत होती, म्हणून ती वेगळी सांगायला नको. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट नावाचे साहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत काढली आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत, स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. दोन शेजाऱ्यांनी तोंड उघडले नसते तर हा माणूस बागेतच राहिला असता. गावातली हुशार पोरे अशीच कुणाच्या तरी बोलण्यावर अडतात आणि कुणाच्या तरी बोलण्याने सुटतात.

१८४० साली त्यांचे लग्न नायगावच्या सावित्रीबाईंशी झाले. जोतीरावांनी त्यांना घरी शिकवले. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा जातीवरून अपमान झाला. त्याच साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या. लोकांचा रोष इतका झाला की १८४९ साली दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. तरी काम थांबले नाही. महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा झाली. १८५५ साली दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्या-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू झाली. १८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. या सगळ्यात एक धागा दिसतो. गावाने ज्याला दाराबाहेर ठेवले, त्याच्यासाठी दार कुठून उघडता येईल, याचाच हा माणूस शोध घेत होता.

घरचा हौद

१८६८ सालची गोष्ट. पुण्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना पाण्यासाठी वणवण करावी लागे. गावात पाणी होते, पण त्यांना ते घेता येत नसे. कुणी वरून ओतेल तेव्हा खाली घागर धरायची, नाही तर कोरडे परत जायचे. जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद या लोकांसाठी मोकळा केला. स्वतःच्या हाताने पाणी घ्या आणि जा, असा त्याचा अर्थ. जातभाई चिडले. जोतीराव मागे हटले नाहीत.

हे सांगायचे कारण असे की म्युनिसिपालिटीत जाण्याच्या आठ वर्षे आधी त्यांनी हे केले होते. दुसऱ्याला शिकवण्याआधी आपल्या अंगणातून सुरुवात केली. आजही आपण बघतो, सभेत समतेवर तासभर बोलणारा माणूस स्वतःच्या विहिरीवरून कुणाला किती पाणी देतो, यावर गावात त्याची किंमत ठरते.

१८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. १८७६-७७ च्या दुष्काळात अन्नान्नदशा झालेल्या मुलांसाठी पुण्याजवळ धनकवडीला बालाश्रम निघाला आणि सत्यशोधक समाजाच्या लोकांनी तिथे काम केले. पोटापाण्यासाठी जोतीराव सरकारी बांधकामांची कंत्राटे घेत. मांजरीला जमीन घेऊन त्यांनी पाटाच्या पाण्यावर बागायतही केली. म्हणजे बघा, दगड-चुन्याचा हिशेब, मजुरांचा रोज, इंजिनिअर साहेबांची टक्केवारी आणि पाटकऱ्याची मर्जी या सगळ्या गोष्टी त्यांनी स्वतः अनुभवल्या होत्या. सार्वजनिक पैसा कुठून येतो आणि कुठे पाझरतो, हे त्यांना पुस्तक वाचून शिकावे लागले नाही.

सभासद झाले, पण कुणाचे?

१८७६ साली सरकारने जोतीरावांना पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद नेमले. १८८२ पर्यंत ते त्या जागेवर होते. आता त्या काळची म्युनिसिपालिटी म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. आजच्यासारखे मतदान नव्हते, वॉर्ड नव्हते, आरक्षण नव्हते. सरकार माणसे नेमायचे. नेमणूक साहजिकच वजनदार माणसांची, म्हणजे सरदार, सावकार, व्यापारी, वकील, पेन्शनर अशांची. ज्याने नेमले त्याच्याविरुद्ध बोलायचे कसे, ही अडचण प्रत्येकापुढे होती. खुर्ची सरकारची, पैसा मात्र गावाचा. पट्ट्या आणि जकात भरणाऱ्यांत भाजीवाली होती, हमाल होता, विणकर होता, आणि बाजाराला माल आणणारा शेतकरीही होता. सभेत त्यांच्यापैकी कुणी नव्हते.

जोतीराव तिथे बसले ते या बाहेर राहिलेल्या माणसांचे होऊन. नेमणूक सरकारची असली तरी आपण बोलायचे कुणासाठी, हे त्यांनी मनाशी पक्के केले होते. त्यांच्या त्या सहा वर्षांतल्या तीन गोष्टी आजही प्रत्येक सदस्याने लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

हजार रुपयांची रोषणाई

पहिली गोष्ट १८८० सालची. व्हाइसरॉयच्या पुणे-भेटीचा विषय निघाला. शहर सजवायचे, स्वागत करायचे, त्यासाठी म्युनिसिपालिटीच्या पैशातून हजार रुपये खर्चाचा प्रस्ताव आला. त्या काळचे हजार रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे. खेड्यातल्या शाळेच्या मास्तरला महिना बारा रुपये तरी मिळावेत, अशी मागणी पुढे जोतीरावांनीच केली. त्या दराने सहा-सात मास्तरांचा वर्षाचा पगार या एका रोषणाईत जाणार होता.

सरकारने नेमलेले सभासद, येणारा पाहुणा म्हणजे सरकारचाही धनी. विरोध कोण करणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. एकट्या जोतीरावांनी विरोधात मत दिले. हा पैसा पुण्यातल्या गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. तीसहून अधिक माणसांपुढे एक माणूस काय करणार?

आता कुणी म्हणेल, मग त्या विरोधाचा उपयोग काय झाला? ठराव थोडाच थांबला? उपयोग असा की तो ठराव सर्वानुमते झाला नाही. गरिबांच्या पैशातून साहेबाची रोषणाई करायला शहरातले सगळे राजी होते, असे म्हणायची सोय राहिली नाही. त्या दिवशी सभेत कोण काय बोलले, ते आज कुणाच्या ध्यानात नाही. एकट्याचा विरोध मात्र अजून सांगितला जातो. पंचायतीत विरोध लिहून घ्या म्हणणारा सदस्य भांडखोर ठरतो, हे खरे. पण तो विरोध लिहिला गेला, तर पुढच्या वर्षी तोच खर्च पुन्हा मांडताना मांडणाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो.

दारूची दुकाने

दुसरी गोष्टही त्याच वर्षाची. पुण्यात भरवस्तीत दारूची दुकाने वाढू लागली होती. सरकारला त्यातून उत्पन्न होते, त्यामुळे वरून कुणी काही बोलत नव्हते. जोतीरावांनी जुलै १८८० मध्ये म्युनिसिपालिटीतल्या वरिष्ठांना पत्र लिहून हा प्रश्न उचलला. शहराच्या आरोग्यासाठी म्युनिसिपालिटी एका हाताने पैसा खर्च करते आणि दारूची दुकाने दुसऱ्या बाजूने लोकांचे आरोग्य आणि संसार दोन्ही बुडवतात, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

यातली खोच बघा. दारूवर प्रवचन देणारे तेव्हाही पुष्कळ होते. जोतीरावांनी तो विषय म्युनिसिपालिटीच्या दप्तरात नेला. कारण दारूने आधी कोण मरतो? ज्याच्याकडे रोजच्या मजुरीपलीकडे काही नाही तो. आणि त्याच्या घरात आधी कुणाची चूल विझते? बायकोची. म्हणजे दुकान कुठे असावे हा प्रश्न गरिबाच्या ताटातल्या भाकरीचा होता. पुढे शंभर वर्षांनी आपल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी आडवी बाटली करून दुकाने बंद पाडली, तेव्हा त्यांनीही हीच वाट धरली. रडगाणे गात न बसता त्यांनी मतपेटी वापरली.

मंडईचा वाद

तिसरी गोष्ट भाजीबाजाराची आहे, म्हणून शेतकऱ्यांनी ती मुद्दाम वाचावी. पुण्यात उघड्यावर भरणारा भाजीबाजार हलवून मोठी पक्की मंडई बांधायचा विचार सुरू झाला. खर्च लाखांच्या घरातला. जोतीरावांनी आणि त्यांचे सहकारी हरी रावजी चिपळूणकर यांनी त्याला विरोध केला. स्वतः माळी समाजातला, भाजीपाला पिकवणारा माणूस मंडईला विरोध का करतो, असे कुणालाही वाटेल. त्यांचे म्हणणे साधे होते. शाळांना पैसा नाही म्हणायचे आणि इमारतीला लाखो रुपये काढायचे, हा क्रम उलटा आहे. आधी पोरांच्या शिक्षणाचे बघा.

मंडई झालीच. १८८६ साली ती उघडली आणि गव्हर्नर रे साहेबांचे नाव तिला मिळाले. पुढे प्र. के. अत्रे म्युनिसिपालिटीत असताना त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. आज पुण्याला गेलेला शेतकरी फुले मंडई म्हणून ज्या इमारतीपुढे उभा राहतो, तिला फुल्यांचाच विरोध होता. गंमत वाटते खरी. मंडईचा उपयोग पुढे शेतकऱ्यांना आणि गिऱ्हाइकांना झाला, हेही नाकारता येणार नाही. इमारत वाईट होती असे कुणी म्हणत नाही. आधी काय आणि नंतर काय, एवढाच तो वाद होता. आपल्या पंचायतीतही वाईट काम क्वचितच मांडले जाते. कमान वाईट नाही, पेव्हर ब्लॉक वाईट नाहीत. पण अंगणवाडीचे छप्पर गळत असताना कमान आधी झाली, तर त्या पंचायतीला कोण जवळचे आणि कोण लांबचे, हे गावाला न सांगता कळते.

लोकल फंडाचा आणा

शहरात बसून जोतीराव खेड्याला विसरले नाहीत. त्या काळी शेतकऱ्याकडून जमीन महसुलाच्या वर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेत. त्यातला काही भाग शाळांना आणि बाकीचा रस्ते वगैरे कामांना जाई. आता हा आणा भरायचा शेतकऱ्याने आणि त्या पैशाच्या शाळेत शिकायचे कुणी? तर बहुतेक करून दुसऱ्यांच्या पोरांनी. शेतकऱ्याचे पोर गुरांमागे.

१८८२ साली शिक्षणाची चौकशी करणारे हंटर कमिशन आले. जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे लेखी निवेदन त्यापुढे दिले. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या थराच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यात स्पष्ट सांगितले. त्यांनी नुसती तक्रार केली नाही, उपायही मोजून दिले. लोकल फंडाचा निम्मा भाग फक्त प्राथमिक शिक्षणाला द्यावा. म्युनिसिपालिट्यांनी आपल्या हद्दीतल्या सर्व प्राथमिक शाळा चालवाव्यात आणि त्यासाठी कायद्यानेच त्यांना भाग पाडावे. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करावे. मास्तर शक्यतो शेतकऱ्यांतले नेमावेत, ज्यांना नांगराला हात लावायची लाज वाटणार नाही. मुलांना मोडी-बाळबोध लिहिणे, हिशेब, आरोग्य आणि शेतीची प्राथमिक माहिती शिकवावी.

बारकाईने वाचा. सहा वर्षे म्युनिसिपालिटीत बसलेल्या माणसाची ही मागणी आहे. स्थानिक संस्थेच्या चांगुलपणावर सोडू नका, कायद्याने बांधून घ्या, हे त्यांनी अनुभवातून लिहिले. सदिच्छा असणारा एखादा सभासद आज असतो, उद्या नसतो. नियम मात्र राहतो.

ज्याच्या त्याच्या शेताला तोटी

पुढच्या वर्षी, १८८३ साली, त्यांचे ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरे झाले. लिहीत असतानाच गावोगावच्या लोकांना त्यांनी ते वाचून दाखवले होते. त्यात कर्ज, कोर्ट, जंगल खात्याने बंद केलेले चराऊ रान, कारकुनांची लाचखोरी अशा सगळ्या दुखण्यांचा पाढा आहे. पण शेतकऱ्याच्या कामाच्या सूचनाही तितक्याच आहेत. डोंगरउतारावर ताली आणि बंधारे घाला म्हणजे माती आणि पाणी दोन्ही जिरतील. तलावातला गाळ शेतकऱ्याला नेऊ द्या. चांगल्या जातीची जनावरे पैदा करा.

कालव्याच्या पाण्याबद्दलची त्यांची सूचना तर आज छापली तरी शिळी वाटणार नाही. पाटबंधारे खाते पट्टी घेते, पण शेतकऱ्याला वेळेवर पाणी मिळते का, याकडे लक्ष देत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. यावर त्यांचा उपाय असा की प्रत्येक शेताला त्याच्या गरजेप्रमाणे पाण्याची तोटी बसवावी, म्हणजे ज्याचे पाणी त्याला मिळेल आणि नासाडीही होणार नाही. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी का मिळत नाही, हे पाटावर जागलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. वरचा दांडगा, खालचा गरीब. तोटी आणि माप आले की दांडगाई कमी होते. वाटणीत माप असावे, मर्जी नसावी, हीच मंडईच्या आणि लोकल फंडाच्या वादातली गोष्ट पाण्याच्या भाषेत त्यांनी पुन्हा सांगितली.

शेवटची वर्षे

२ मार्च १८८८ रोजी पुण्यात व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी मेजवानी होती. जोतीराव तिथे शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले. जरीच्या पगड्या आणि दागिने म्हणजे हिंदुस्थानची रयत नव्हे, खरी रयत बघायची असेल तर खेड्यात जाऊन बघा, असे त्यांनी पाहुण्याला सुनावले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यात लोकांनी त्यांचा सत्कार करून त्यांना महात्मा ही पदवी दिली. ही पदवी कुठल्या दरबाराने दिलेली नाही, कष्टकऱ्यांच्या सभेने दिलेली आहे.

पुढे थोड्याच दिवसांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. त्यांनी डाव्या हाताने लिहून ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी स्वतः धरले. त्या स्वतः १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या.

नुसत्या ठरावाने भागत नाही

जोतीराव म्युनिसिपालिटीत होते तेव्हा तिथे निवडणूक नव्हती. १८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डाचा कायदा झाला. मतदान आले, पण ते जमीनदार आणि पैसेवाल्यांपुरते. गरिबाला दार उघडायला अजून वेळ होता.

त्यातली एक पायरी कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगडमधल्या महाडची. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड म्युनिसिपालिटीने १९२४ साली आपले चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण पाण्याला हात लावायची हिंमत कुणाची होईना. मग २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. परत फिरणाऱ्या लोकांना मारहाण झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये म्युनिसिपालिटीने आपलाच ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले आणि १९३७ साली हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. एका गावच्या तळ्यावरचे पाणी हक्काचे व्हायला ठरावापासून तेरा वर्षे लागली. बाबासाहेब जोतीरावांना आपल्या गुरूंपैकी एक मानत. १८६८ च्या घरच्या हौदापासून चवदार तळ्यापर्यंतची वाट सरळ दिसते.

आता आपल्या गावाचे बघा

आज आपल्याकडे जोतीरावांना जे मिळाले नाही ते सगळे आहे. प्रत्येकाला मत आहे. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली, ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, दलित-आदिवासींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ साली महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा नियम आहे. जोतीरावांनी हंटर कमिशनला जे सांगितले, की चांगुलपणावर सोडू नका, नियमाने बांधा, ते इथे झालेले आहे.

मग उरते काय? तर तो नियम राबवणारी आणि विचारणारी माणसे. ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नाव बदलले, वही तीच आहे. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा चार साध्या गोष्टी विचारा. गेल्या वर्षी १५ टक्क्यांचे किती रुपये झाले आणि ते नेमके कोणत्या वस्तीत, कोणत्या कामाला लागले? १० टक्क्यांच्या खर्चाचा निर्णय महिलांच्या सभेत झाला की त्यांच्या सह्या घरपोच घेतल्या? दिव्यांगांची यादी शेवटची कधी तपासली? आणि घरोघर नळ आले असतील तर टाकीपासून सर्वांत लांबच्या वस्तीवर पाणी किती वेळ येते?

हे विचारताना आवाज चढवायची गरज नाही. आकडे मागा आणि ते प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायला सांगा. सरपंचांनीही याचा राग मानू नये. ज्या सरपंचाकडे या चार प्रश्नांची उत्तरे वहीत तयार असतात, त्याला निवडणुकीत जातीचा आणि भावकीचा आधार शोधावा लागत नाही. आणि निवडून आलेल्या भगिनींनी एवढे करावे : सहीसाठी वही घरी आली तर ती तशीच परत पाठवावी आणि सभेला जाऊन स्वतःच्या खुर्चीवर बसावे. ती खुर्ची कायद्याने त्यांची आहे.

भिंतीवरच्या जोतीरावांना अकरा एप्रिलला हार घाला, त्यांचा तो मान आहे. पण त्याच भिंतीखाली पुढच्या वेळी खर्चाचा ठराव येईल, तेव्हा पैसा कुणी भरला आणि तो कुणाकडे चालला आहे, हे एकदा मोठ्याने विचारून घ्या. उत्तर पटले तर सही करा. नाही पटले तर विरोध लिहून घ्या, मग तो एकट्याचा असला तरी चालेल.